खोडून काढणारा माणूस

२४ ऑगस्ट २०२५, रविवार. सौंसर

आज टपरीवर गेलो नाही. ही दोनदा विचारून गेली, तब्येत बरी नाही का म्हणून. तब्येतीले काय धाड भरली.

काल पांढुर्ण्याची गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा. टपरीवर सगळे फोनवर तेच पाहून राहिले होते, अन् मी काढला अमेरिकेच्या टॅरिफचा विषय. म्हटलं, झुकायचं नाही, सोसू चार दिवस. किसन म्हणतो, "सोसनारे आमी कापूसवाले, तू नाई. पेन्शन खातं अन् बोलतं. तुहा नितीन तिकडं त्यायचीच चाकरी करून राहिला, अन् तू इथं बसून त्यायले शिव्या देतं." चारचौघांत म्हणाला. रामाकोन्याच्या शाळेत पहिलीपासूनचा दोस्त. राजकारणावर काय म्हणायचं ते म्हण बापा, पोरावर कायले जातं?

चहा अर्धा टाकून उठलो.

२८ ऑगस्ट

टॅरिफ लागू झाला. रशियाचं तेल घेतलं म्हणून दंड आपल्याले, युरोपवाले त्याच रशियाचा गॅस घेतात ते चालते. वड्याचं तेल वांग्यावर. अन् आपलं सरकार काय करते, तर बाहेरच्या कापसावरचा कर काढते. गिरणीवाले खूष. इथं बोंडं अजून फुटायची आहेत. या एका मुद्द्यावर कि.चं बरोबर होतं, पण त्याले सांगणार कोण.

तो कधी टाइप करत नाही, आळशी. सगळं आवाजी. सकाळी पेपर वाचला की मेसेज ठरलेला, "वसंता, आइक बे..." त्या दिवसापासून एक नाही. मीही पाठवला नाही.

१० सप्टेंबर, बुध.

नेपाळात पोरांनी सरकार पाडलं. फेसबुक-व्हॉट्सॲपवर बंदी घातली अन् राज्य गेलं. पोरांचा राग खरा आहे, पण जाळलेली संसद बांधून कोण देईल? श्रीलंकेत हेच, बांगलादेशात हेच. बांगलादेशानं आपल्या संत्र्यावरचा कर वाढवला तो कोणाच्या राज्यात, आठवेना. कि.ले पाठ असते असलं सगळं.

ही बाजारातून सांगत आली, किसनची वर्षा भेटली होती. "बाबाचा घसा बसला हाय कवाचा, नागपूरले दाखवून राहिलो." म्हटलं, दिवसभर बोंबलल्यावर बसणारच.

लिहिलं खरं, पण बरं नाही वाटत.

२१ सप्टेंबर, रवि.

अमेरिकेनं व्हिसाची फी वाढवली. नितीनचा फोन. "बाबा, दिवाळीला येत नाही. एकदा बाहेर पडलं तर परत घेतील की नाही, कंपनीलाच कळत नाहीये." ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी टीव्हीसमोर बसून राहिलो. तिकडे एका माणसानं कागदावर सही केली अन् इकडे सौंसरातल्या एका घराची दिवाळी गेली. टीव्हीवरचे टायवाले म्हणतात, भारताले ही संधी आहे. यांच्या घरचं कोणी अडकलं नसेल.

कि.ले सांगावं वाटलं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाले सांगावंसंही वाटत नाही. पण तो म्हणेल, पाह्य, म्हटलं होतं ना तुले.

२७ सप्टेंबर

वर्षा आली होती. बसली नाही, उभ्यानंच बोलली. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढणार. दसऱ्याच्या संध्याकाळी भरती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मग आवाज नाही. कधीच नाही.

"काका, तुमच्या फोनमध्ये बाबाचे मेसेज असतीन ना? नागपूरले एक पोरगा हाय, तो मशीनमधून बाबाचाच आवाज बनवून देते म्हनते. बाबानं टाइप केलं की फोन बोलीन."

या एआयच्या नावानं मी टपरीवर किती शंख केला आहे. माणसं रिकामी होतील, खोट्याचं खरं होईल, चार कंपन्या जग चालवतील. अजूनही तेच म्हणणं आहे. पण फोन काढून दिला तिच्या हातात. सगळे मेसेज घे म्हटलं.

ती गेल्यावर ऐकत बसलो. चीन, कांदा, ड्रोन, कापूस, पुतळे. "वसंता, तुले काई समजत नाई." "वसंता, तू निरा बयताड हायेस." मायेचा एक शब्द नाही कुठं. मध्येमध्ये खोकला. तो खोकला आम्ही कोणी ऐकलाच नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी अंघोळ करून बसलो, धुतलेला सदरा घातला. आज सोनं द्यायले लहान माणूस मोठ्याच्या घरी येते, ही रीत. आज भांडण धरायचं नसते. तेव्हा कि. येईल.

मोठा मीच. हेडमास्तरनं दोघांचीही जन्मतारीख एक जुलै लिहिली, वर्षही एकच, म्हणून कि. आयुष्यभर वाद घालून राहिला. पण माझी माय म्हणायची, तू पेरणीचा अन् किसना कापूस वेचणीचा. त्याची माय उलटं सांगायची. सांगो.

दुपारी ही म्हणाली, "तुमीच जा ना. आजारी मानूस हाय."

"जाईन. पण आधी येऊ दे. एवढं बोलला तो."

"उद्या बोलनार नाई थो."

ऐकून घेतलं. गेलो नाही. संध्याकाळी नागपूरले जाताना गाडी आपल्याच गल्लीवरून जाईल, थांबवेल, असं डोक्यात होतं. आपट्याची पानं खिशात घेऊन अंधार पडेपर्यंत दारात उभा होतो. गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेली असावी.

४ ऑक्टोबर

वर्षाचा फोन. ऑपरेशन झालं, ठीक आहे, नळी लावली आहे. मग म्हणाली, "काका, दसऱ्याले बाबा सकाळपासून नवा सदरा घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. आमी म्हटलं, चला, काकाकडं जाऊन येऊ. तर म्हने, वसंता लहान हाय, थोच येईन. गाडी आली तरी थांबा थांबा म्हनत होते."

फोन हिच्याकडं दिला.

दोन म्हातारी गाढवं. आपापल्या घरी मोठी होऊन बसली.

११ ऑक्टोबर, शनि. नागपूरहून आलो

गाझात युद्ध थांबलं. किती दिवस थांबते कोण जाणे. मेलेली लेकरं काही उठून बसत नाहीत. करारावर सह्या करणारे सगळे हसून राहिले होते फोटोत. काय पाहून हसते माणूस?

वॉर्डात कि. पडून होता. गळ्याले भोक, त्यात नळी. श्वास तिथून. मले पाहून त्यानं मान भिंतीकडं केली. मग पुन्हा वळवली.

खिशातली पानं वाळून चुरा व्हायले आली होती, ती त्याच्या हातात दिली अन् पाया पडलो. म्हटलं, "मी लहान. झालं तुह्या मनासारखं?" त्याचे ओठ हलले. काय म्हणाला समजलं नाही. बराच वेळ माझा हात सोडला नाही त्यानं.

मग पेपर वाचून दाखवला. गाझावर मी माझं मत सांगितलं, सगळं, सविस्तर. कोणी अडवलं नाही. असं बिनविरोध बोलायले मिळावं म्हणून आयुष्यभर तळमळलो. पाच मिनिटांत गप्प झालो. बाहेर जिन्यात बसून रडलो, लोकांनी पाहिलं तरी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

कि. घरी आला आहे. नितीनशिवाय दिवाळी गेली, चकल्या तशाच डब्यात.

वर्षानं फोन सुरू करून दिला. कि.नं एका बोटानं हळूहळू टाइप केलं, अन् फोन बोलला. "नमस्कार वसंतराव. मी आता बरा आहे. आपण कसे आहात?"

आवाज त्याचाच, हुबेहूब. पण वसंतराव? आपण? मशीननं त्याचं बोलणं धुऊन, इस्त्री करून ठेवलं. वर्षा म्हणते, त्यानं काही लिहिलं तरी मशीन ते शुद्ध करून बोलते, नागपूरचा पोरगा दुरुस्त करून देईल. ज्यानं हे बनवलं त्याची हुशारी मी नाकारत नाही. पण त्याले किसन माहीत नव्हता.

कि.नं फोन उलटा करून गादीवर ठेवला. मी होतो तोवर पुन्हा हात लावला नाही.

१ नोव्हेंबर, शनि.

आज त्याले टपरीवर घेऊन गेलो. गळ्याले रुमाल बांधला होता. लोक जरा जास्तच प्रेमानं बोलले, सरकून जागा दिली, मग आपापल्या फोनमध्ये शिरले. वर्षानं तो आवाजाचा फोन सोबत दिला होता. दुरुस्त झाला म्हणे. मी तो टेबलावर त्याच्यासमोर ठेवला.

पेपर वाचला. अमेरिका अन् चीनचं जमलं, वर्षभरापुरतं. कापूस वेचायले आला अन् बाहेरच्या कापसाले दार अजून उघडंच. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बरंच झालं ना. बाहेरचा कापूस आला तर शेतकऱ्याचं भलंच होईन."

कि.नं माझ्याकडं पाहिलं. मानेची शीर तट्ट फुगली. हात उचलला, फोनपर्यंत नेला. मग हात परत मांडीवर. रस्त्याकडं पाहत राहिला, चहा निवेपर्यंत.

उद्या याहून मूर्खपणाचं काहीतरी बोलून पाहीन.