पडद्यावरची मामाची पोरगी

सोनपेठ, मार्गशीर्ष वद्य पक्ष, शके १८६१

तीर्थस्वरूप अण्णासाहेब यांच्या चरणी धाकटा मेहुणा व्यंकट याचा दंडवत. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, सौ. सुमनचा दमा थंडीने थोडा उचल खातो एवढेच. तुमची प्रकृती कशी आहे? अक्काचे गुडघे काय म्हणतात? जवस-तिळाच्या तेलाने फरक पडला का? हरभरा घाट्यावर आला असेल. म्हैस व्याली असल्यास काय झाले ते कळवावे. हे पत्र तुम्ही नेहमीप्रमाणे अक्काला चुलीपाशी बसवून मोठ्याने वाचून दाखवालच, म्हणून एक विनंती आहे की कंसातला मजकूर वाचताना गाळावा. (तो फक्त तुमच्यासाठी आहे.)

बऱ्याच दिवसांत आपला पत्रव्यवहार नाही. त्याला कारण कामाचा व्याप, दुसरे काही नाही. मागे अक्का संक्रांतीला आली होती, तेव्हा तिने तुमच्या उद्धवसाठी आमच्या प्रभावतीची गोष्ट काढली होती आणि मी 'बघू' म्हणालो होतो. (मी 'बघू' म्हणालो होतो असे मला आठवते. सुमन म्हणते की मी 'तुमच्या चारठाण्यात मुलगी देण्यापेक्षा' असे एक वाक्य सुरू केले होते. ते पुरे केले की नाही याबद्दल घरात एकमत नाही.) असो. मध्यंतरी प्रभावतीला परभणीचे स्थळ आले. दिनकरराव वकील, बिजवर खरे, पण प्रॅक्टिस मोठी, दारात मोटार. सुपारी फोडायचीच बाकी होती. प्रभावतीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले होते, पण मुलींच्या जातीला एवढा रुसवा असायचाच, असे मी धरून चाललो होतो. तर ही सुपारी फोडायला दिनकरराव बाजारच्या दिवशी मोटार घेऊन सोनपेठला आले आणि त्याच दिवशी तुमच्या मेहुण्याच्या हातून असे काही घडले की आजवर या तालुक्यात कुणाच्या हातून घडले नाही. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण तिकडे सांगणारे दुसरे कुणी नाही.

झाले असे की बाजारच्या मैदानात चंद्रभान नावाच्या एका गृहस्थाचा तंबू-सिनेमा आला आहे. कनात, खुर्च्या, धडधडणारे इंजिन, सगळे झकास. हिंदी देवादिकांचा बोलपट दाखवणार म्हणून सकाळपासून दवंडी पिटली होती. पार झरीपासूनचे लोक गाड्या जुंपून आले होते. दुपारी चंद्रभान खेळाच्या पेट्या उघडतो तो काय, आत भलताच खेळ! रेल्वेत पेट्यांची अदलाबदल झालेली. मशीनवाल्याने तुकडा लावून बघितला तर गोरे लोक, विलायती कपडे आणि भाषा कुणालाच न कळणारी. इंग्रजी म्हणावी तर तीही नव्हे. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी कान देऊन ऐकली आणि 'ही जर्मन असावी, नाहीतर फ्रेंच, नाहीतर तिसरीच' असा स्पष्ट निर्णय दिला. चंद्रभान रडकुंडीला आला. लोक तंबू पेटवतील म्हणाला. तेव्हा गावातल्या जाणत्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, की राममंदिरातल्या व्यंकटराव पुराणिकांचे पाय धर.

मी लगेच हो म्हणालो नाही. अंगरखा घालून होईपर्यंत विचार केला. आता तुम्हीच सांगा अण्णासाहेब, चातुर्मासात मी पोथी सांगतो ती संस्कृत. समोर बसलेल्यांपैकी संस्कृत कुणाला येते? (मला जेवढे येते तेवढेही तुम्हाला ठाऊक आहे.) तरी गेली कित्येक वर्षे लोक रडायच्या जागी रडतात, हसायच्या जागी हसतात. न कळणाऱ्या भाषेतली कथा कळणाऱ्या भाषेत सांगणे हा आपला पिढीजात धंदा. तिथे एका भाषेच्या ऐवजी दुसरी न कळणारी आली, तर पुराणिकाचे काय बिघडते? मी चंद्रभानला सांगितले, मशीनचा आवाज बारीक ठेव, मला एक कर्णा दे आणि निर्धास्त राहा.

दिवेलागण झाली. तंबू गच्च. एका बाजूला पुरुष, दोरीपलीकडे बायका. पुढच्या खुर्च्यांवर पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आणि त्यांच्या शेजारी मी मुद्दाम बसवलेले दिनकरराव, म्हणजे भावी जावयाला सासऱ्याचा दरारा कळावा. पडद्याच्या कडेला धान्याच्या खोक्यावर मी उभा, हातात कर्णा नि छडी. नमन करून आख्यान लावले. पहिल्यांदा एक बाग दिसली. बागेचे वर्णन मी असे केले की माळ्याच्या घरच्यांना लाज वाटावी. मग एक देखणी पोरगी आली, मग एक तरणाबांड आला, आणि अण्णासाहेब, काय सांगू, त्या दोघांनी भर उजेडात एकमेकांना कवटाळले. (नुसते कवटाळले नाही. बाकीचे भेटीअंती.) दोरीपलीकडे पदर तोंडावर गेले, पण डोळे उघडेच. अमीनसाहेब ताडकन उठले. "पंडितजी, ये क्या चल रहा है? इन दोनों का रिश्ता क्या है?"

खेळ बंद पडतो की काय असा तो क्षण होता. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून, पूर्वजांची पुण्याई म्हणा, उत्तर बाहेर पडले. मी कर्ण्यातून सांगितले की हुजूर, ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. अमीनसाहेब "फिर तो जायज है" म्हणाले आणि खाली बसले. दोरीपलीकडचे पदर खाली आले. आमच्या पोथीला चातुर्मासभर पुढे बसणारी चतुराबाई मोठ्याने म्हणाली, "मंग काय तर! हक्काचीच हाय की त्याच्या! उगं जीव घाबरा केला." एका वाक्यात अख्खा तंबू मी त्या पोराच्या बाजूने उभा केला, अण्णासाहेब. जो चाळा बघून लोक उठून गेले असते, तोच बघून बायका कौतुकाने माना डोलवू लागल्या. आहे का असा पुराणिक दुसरा या मुलखात?

पुढे टोपी घातलेला एक म्हातारा आला. तो बाप हे उघडच होते. त्याच्याबरोबर जाड मिशांचा, पोट सुटलेला एक श्रीमंत माणूस मोटारीतून उतरला. पोरगी रडू लागली. कथा मला आरपार दिसली! बापाने बहिणीला शब्द देऊन फिरवला आणि मोटार पाहून पोरगी या मिशाळाला द्यायला निघाला. मग मात्र मला अशी काही स्फूर्ती चढली की विचारू नका. त्या बापाला मी असा झोडपला, असा झोडपला! म्हणालो, अरे, बहीण पदर पसरून दारात आली होती, तिला काय उत्तर दिलेस? पोरीचं मन मोडून मोटारीत बसशील, पण ती मोटार तुला कुठे नेईल? मोटारीला चाकं असतात, काळीज असतं का? टाळ्यांनी कनात हलत होती. (दिनकररावांच्या मिशांकडे माझे लक्ष त्या वेळी नव्हते, हे तुम्हाला शपथेवर सांगतो. त्यांची मोटार तंबूच्या दारातच उभी होती हेही मी विसरलो होतो. चढलेल्या पुराणिकाला प्रपंचाचे भान कुठले!)

पुढे पोरीने नदीत जीव दिला. नदीला मी गोदावरी म्हटले नाही, पण लोकांनी ती गोदावरीच धरली. तिला काठावर आणून ठेवले तेव्हा दोरीपलीकडून असा हुंदका फुटला की मशीनचा आवाज बुडाला. शेतकरी माणसे पागोट्याने डोळे पुशीत होती. आता आरती म्हणून समारोप करावा, इतक्यात तीच पोरगी पडद्यावर टवटवीत, हसत, त्याच बागेत! मशीनवाल्याने पेट्यांतली रिळे उलटसुलट लावली होती, हे मागाहून कळले. त्या वेळी मात्र शेकडो डोळे पडद्यावरून माझ्याकडे वळले. माझ्या जागी हेडमास्तर असते तर त्यांनी पळ काढला असता. मी घोटभर पाणी प्यालो आणि शांतपणे सांगितले की श्रोतेहो, हा पुढला जन्म.

कुणालाही काही विचित्र वाटले नाही. उलट 'बरोबर हाय, वासना ऱ्हायली व्हती' असे मागून कुणीतरी शेजाऱ्याला समजावले. या जन्मीही तोच आतेभाऊ, तीच ओढ. आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच टोपीवाला बाप नि तोच मिशाळ, मोटारीसकट! (मिशी दोन जन्मांत कशी बदलली नाही, असे अमीनसाहेबांनी विचारले. मी म्हणालो, संस्कार.) पण आता लोकांचा धीर सुटला. एका जन्मी पोरगी मारली ती मारली, पुन्हा तेच? चतुराबाई उभी राहिली आणि पडद्याला नाही, थेट मला म्हणाली, "म्हाराज, ह्या बापाला कुनी सांगनारं हाय का न्हाई? जलमोजलमी असंच करायलाय मेला!" नेमके त्याच वेळी रीळ संपले. पडदा पांढरा. चंद्रभान खुणा करतोय की आता काही शिल्लक नाही, शेवट मघाशीच होऊन गेला.

लोक उठेनात. 'पोरीचं काय झालं ते सांगा' असा एकच गिल्ला. आणि त्या गिल्ल्यात चतुराबाई पुन्हा बोलली, पण आवाज चढवून नव्हे. म्हणाली, "म्हाराज, तुमच्या प्रभाचा बी आतेभाऊ हाय की चारठान्याला. लय गुणाचा पोरगा हाय म्हणत्यात." एव्हाना इंजिन कुणीतरी बंद केले होते. अमीनसाहेबांनी मान वळवून दिनकररावांकडे पाहिले, मग दारातल्या मोटारीकडे, मग माझ्याकडे. मी दोरीपलीकडे पाहिले. कंदिलाच्या उजेडात सुमनशेजारी आमची प्रभावती उभी होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे नुसती बघत होती, पोथीतला पुढचा श्लोक ऐकायला बघतात तशी. अण्णासाहेब, एवढी वर्षे पोथी सांगितली, पण आता पुराणिक काय बोलणार याची कुणी इतक्या आशेने वाट पाहिल्याचे मला आठवत नाही.

मी कर्णा उचलला आणि शेवट सांगितला. म्हणालो, श्रोतेहो, या जन्मी बापाला उमज पडली. त्याने मिशाळाला हात जोडून वाटेला लावले, घरी आला, दौत-टाक घेतला आणि आपल्या बहिणीच्या घरी पत्र लिहिले.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! अमीनसाहेबांनी स्वतः उठून मला खोक्यावरून उतरवले. चंद्रभान पाया पडला. दुसऱ्या दिवशी बाजारात ज्याच्या-त्याच्या तोंडी माझेच नाव होते. आता चंद्रभान म्हणतो की हाच खेळ हीच रिळे अशीच उलटी लावून जिल्हाभर फिरवू, पण पुराणिक हवा तर व्यंकटराव. त्या रात्री घरी परतल्यावर प्रभावतीने माझे पान वाढले आणि किती दिवसांनी तोंड उघडून विचारले, "बाबा, पत्र कधी लिहिणार?" मला फार अभिमान वाटला, अण्णासाहेब. माझा वाटला तसा तिचाही वाटला. सर्व लहानथोरांस नमस्कार व आशीर्वाद.

आपला,
व्यंकट

ता. क. विशेष काही नाही. उद्धवचे अजून कुठे जुळले नसेल तर संक्रांतीला अक्काने पुन्हा एकदा यावे. या खेपेस मी मध्ये एकही वाक्य सुरू करणार नाही.

ता. क. दुसरा. दिनकररावांना मी हात जोडून वाटेला लावले असे वर सुचवले आहे. वास्तविक माझे आख्यान संपून मी खोक्यावरून उतरेपर्यंत त्यांची मोटार सोनपेठच्या वेशीबाहेर गेली होती. ही बाब अक्काला सांगू नये. (अक्का, हे कंस ते तुला वाचून दाखवतात हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच तर त्यांत लिहिले. मागचे ते वाक्य मी पुरे केले होते, बाई. ते आता पोटात घाल.)

ता. क. शेवटचा. परवा चंद्रभानला पेटीच्या तळाशी त्या खेळाचा छापील कागद सापडला आणि आज तो त्याने परभणीहून कुणाकडून तरी वाचवून आणला. टोपीवाला तिचा बाप नव्हता, गावचा डॉक्टर होता. बाप तो मिशाळ. आणि तो पोरगा तिचा कुणीच नव्हता, परक्या बाईचा नवरा होता. चंद्रभान घाबरून विचारतो, आता काय करायचे? मी त्याला कागद चुलीत घालायला सांगितले. त्या दोघांचे नाते मला खोक्यावर उभे राहून लावावे लागले. आपल्या पोरांचे ते आहेच. तुम्ही फक्त या.