सानवीची तारीख

॥ श्री ॥

मुंबई,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा व आईंच्या चरणी,

सौ. दीपालीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. सानवीला गाडी लागली नाही, उलट कशेडी घाटात सगळ्या गाडीला तिनेच गाणी ऐकवली आणि मग दमून माझ्या मांडीवर झोपली. ह्यांच्या एस.टी.तल्या सोबत्यांनी हॉस्पिटलच्या जवळच्या धर्मशाळेत आमची सोय लावून दिली आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि वॉर्डात ओरडून बोलायची मला मनाई, म्हणून हे पत्र. केरूभावजी खेडच्या गाडीवर आहेत, त्यांच्या हाती देते.

आम्ही निघताना तुम्ही विचारलंत की रत्नागिरीच्या डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं. तेव्हा मला बोलवेना. आता लिहिते. जानेवारीत बालस्वास्थ्य कार्यक्रमाची माणसं खाली रस्त्यावर गाडी ठेवून अंगणवाडीत आली होती ना, त्या दिवशी पोरं अंगणात पळत होती. आपली सानवी चार पावलं पळाली आणि मटकन उकिडवी बसली. डॉक्टरबाईंनी मला विचारलं की ही नेहमी अशी बसते का. मी हसत सांगितलं, आजोबांची सवय उचललीय, आमचे आप्पा बांधावर बसतात तशीच बसते. सगळी वाडी हेच म्हणत आली ना! बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं, छातीला नळी लावली आणि कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या.

रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये छातीची सोनोग्राफी झाली. तिच्या हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. दम लागला की अंगात चांगलं रक्त पुरत नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की जरा बरं वाटतं. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. आप्पा, एवढीशी पोर आपला जीव आपणच सांभाळत होती आणि आपण कौतुकाने हसत होतो. ओठ-नखं निळी दिसायची ते उन्हाळ्यात जांभळांवर ढकललं, थंडीत थंडीवर.

ऑपरेशनची तारीख अठरा मार्च मिळाली आहे. सगळं सरकारी योजनेतून. ओळख कोणाची, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही म्हणाल यात काहीतरी गोम आहे. मीही रोज शोधते, सापडत नाही.

आईंना सांगा गोळ्या वेळेवर घ्या. तुमची माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुमची सून,
दीपाली

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

वरची कातळवाडी, ता. खेड,
४ मार्च २०२५

चि. सौ. दीपालीस,

रावजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या सासूने वाचायला लावलं, तेव्हा तिला माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं आणि मी चुलीच्या धुरावर ढकललं. चूल पेटलेली नव्हती.

पोर माझ्यासारखी बसते म्हणून मी सगळ्या वाडीत छाती फुगवून सांगत फिरलो गो. आता बांधावर बसायचं म्हटलं तरी नको वाटतं. असो.

केरूबरोबर ओले काजूगर पाठवलेत. तुझ्या सासूने सोलले, चिकाने तिच्या बोटांची सालं गेली. यातला एक दाणाही तुम्ही खायचा नाही. हे मोठ्या डॉक्टरांना दे. फुकटात कोण कोणाचं करतो या जगात? हातात काही पडलं की माणूस वायच जपून काम करतो. माझा पोरगा असला तरी आत्माराम भिडस्त, त्याला जमायचं नाही. तू दे.

आता मुख्य गोष्ट. अठरा तारखेला वाघजाईची पालखी आपल्या घरी आहे. शिमग्याचा क्रम ठरला, गावकर काल सांगून गेला. सानवी जन्मली तेव्हा रडायचीसुद्धा ताकद नव्हती तिच्यात, तेव्हा मी वाघजाईला नवस बोललोय की पाचव्या वर्षी पोर स्वतःच्या हाताने तुझी ओटी भरील. हे पाचवं वर्ष. ज्या दिवशी देवी दारात येणार त्याच दिवशी पोर बाहेर, आणि तीही सुरीखाली? माझ्या जिवाला हे पटत नाही. तारीख आठ दिवस पुढे घ्या. इतकी वर्षं थांबलं, आणखी आठ दिवसांनी सरकार काही पळून जात नाही. पोरीला घेऊन या, ओटी भरू द्या, मग खुशाल जा.

तुझ्या सासूचं म्हणणं उलटं आहे. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, ते पण ताट आपटून.

मुलीला पापा. घरच्या म्हाताऱ्यावर राग धरू नये ही विनंती.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥

मुंबई,
९ मार्च २०२५

ती. आप्पांस,

सौ. दीपालीचा सा. न. वि. वि.

काजूगर पोचले. मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले तर त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की हे पोरीच्या आईने खावे, पुढे जागरणं आहेत. मी आणलेले परत नेईना, ते घेईनात. शेवटी धर्मशाळेत नंदुरबारच्या एका ताईंनी त्यांची उसळ केली आणि आम्ही सगळ्या आयांनी मिळून खाल्ली. तुम्ही एक दाणा म्हणाला होतात, मी दोन वाट्या खाल्ल्या. आईंच्या बोटांची शपथ, इतकी गोड उसळ मी कधी खाल्ली नव्हती.

आता तारखेचं. आप्पा, तारीख बदलणार नाही.

तुमचं पत्र वाचून मी डॉक्टरांना विचारलं, नाही असं नाही. त्यांनी सांगितलं की ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, रांगेत पोरं पुष्कळ आहेत. मी तरीही डळमळले होते, कारण देवीचं नाव आलं की मलाही भीती वाटते. पण गुरुवारी वॉर्डात सानवी खेळण्यावरून हट्टाने रडली आणि रडता रडता काळीनिळी झाली. डोळे फिरले. सिस्टर धावत आल्या, तिचे गुडघे छातीशी दाबून धरले, नाकाला ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे ती परत आली. वाडीत हे झालं असतं तर? खाली रस्त्यापर्यंत न्यायलासुद्धा वेळ मिळाला नसता. मी आठ दिवस काय, आठ तास पुढे ढकलणार नाही.

तुम्ही घाबराल म्हणून सांगायचं नव्हतं, पण सांगतेच. ऑपरेशनच्या वेळी तिचं हृदय थांबवणार आहेत. तेवढा वेळ तिचं रक्त एक यंत्र फिरवणार. मग आतलं शिवून झालं की हृदय परत चालू करणार. डॉक्टर हे मला इतक्या साधेपणाने सांगत होते की मी नुसती मान डोलावत राहिले. माणसं हे करतात, आप्पा! रोज करतात, डबा खाऊन परत दुसऱ्या पोराचं करायला जातात.

पालखी पुढच्या वर्षी परत येईल. पोरीचं तसं मला कोणी सांगत नाही. लग्न होऊन आल्यापासून तुमचा शब्द मी मोडला नाही, हा मोडते. रागवायचं असेल तर रागवा, पण तिच्यावरचा हात काढू नका.

तुमची,
दीपाली

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

वरची कातळवाडी,
१९ मार्च २०२५

चि. सौ. दीपालीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यावर आणखी.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावलो. खोटं कशाला बोलू! दोन दिवस घरापुढच्या खळ्यात बसून होतो.

काल पालखी आली. ढोल मला ऐकू येत नाहीत, पण खळ्यातली जमीन थरथरते ती पायांना कळते. तुझ्या सासूने ओटी भरली आणि मोबाईल घेऊन लागलीच वर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर गेली, रेंज तिथेच लागते म्हणून. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. घरधन्याचं काय मागणं आहे ते त्याने मला खुणेने विचारलं. मी ठरवून ठेवलं होतं की सुनेची चूक पदरात घे म्हणून सांगायचं. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. मी म्हटलं, आज मुंबईत कोणीतरी माझ्या नातीचं काळीज हातात धरून उभं आहे, त्याच्या हाताशी तू उभी राहा. त्याचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, जात माहीत नाही. ती अंगणवाडीत आलेली बाई, गाडीचा डायव्हर, सिस्टर, सगळ्यांचं बरं कर. गुरवाने ते सगळं आपल्या थाटात देवीपुढे मांडलं आणि सगळी वाडी एका तोंडाने व्हय महाराजा म्हणाली. ते मात्र मला ऐकू आलं. निदान तसं वाटलं.

मला सरकार म्हणजे तलाठी आणि सातबारा एवढंच ठाऊक. आपण अर्ज केला नाही, कोणाच्या पाया पडलो नाही. तरी ती माणसं आपल्या पोरीला शोधत ही घाटी चढून आली. आपल्याला ती आजारी आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि ते शोधत होते! काल दिवसभर माझ्या डोक्यातून हे जाईना.

पालखी पुढच्या घरी गेली, उन्हं कलली, तरी सड्यावरून काही कळेना. मग तुझी सासू उतरणीवर दिसली. दोन्ही हात वर करून येत होती, तोंड उघडं. ओरडते की रडते, काही समजेना. कानांनी ऐकू येत नाही याचं मला एवढी वर्षं काही वाटलं नव्हतं गो, काल वाटलं. जवळ आली आणि तिने माझा हात घेऊन आपल्या छातीवर दाबून धरला. धाड धाड वाजत होतं. मग माझ्याकडे बघत मान हलवली, चालू झालं, चालू झालं, असं तिच्या ओठांवरून मला वाचता आलं.

तू माझं ऐकलं नाहीस. वाघजाई तुझं कल्याण करो. पुढेही ऐकू नकोस.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥

मुंबई,
२६ मार्च २०२५

ती. आप्पा आणि आईंस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. ह्यांना मधेच थांबावं लागलं, मग उरलेलं मी वाचलं.

सानवीला काल वॉर्डात आणलं. छातीवर लांब पट्टी आहे, खोकली की दुखतं, मग मला रागावते. पेज आवडत नाही, भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी हवी. डॉक्टर म्हणतात, भांडते आहे म्हणजे उत्तम आहे. तपासायला वर्षातून दोनदा यायचं, तेही योजनेतच बसतं.

आज सकाळी उठून बसली आणि हात डोळ्यांसमोर धरून किती वेळ बघत होती. मला वाटलं सुई टोचलेली दुखते. तर तिने मला विचारलं की माझ्या नखांना रंग कोणी लावला. मी बघितलं. गुलाबी, आप्पा. तुमच्या-माझ्यासारखी साधी गुलाबी नखं. तिने ती आयुष्यात कधी बघितली नव्हती, आणि मीही नाही. मग तिने फ्रॉकला घासून घासून एकेक बोट पुसलं आणि मला सांगितलं की आई, हा रंग जात नाही.

आम्ही लवकरच येऊ. तोवर तुमची माया अशीच असू द्या.

तुमची,
दीपाली