गरम बाटलीतली हवा

४ फेब्रुवारी

मालकांशी पुन्हा वाजलं! पाणबुड्यांच्या बाटल्यांत हवा दाबून भरायची, तीही गोगलगायीच्या चालीने. घाईत भरली की बाटली तापते, दाबाचा काटा दोनशे बारवर चढतो. निवली की खाली येतो. म्हणून थांबा, निववा, परत भरा. मालक म्हणाले, "तुझ्या डोक्यालाच एक काटा बसवायला हवा!"

मग त्यांची पुतणी आली. धरणाच्या दरवाज्याखाली उतरून दुरुस्ती करते ती. "काय हो इंजिनिअर, झालं का?" मुद्दाम चिडवते. कॉलेज सोडलेल्याला इंजिनिअर! तरी दिवसभर तेच कानात.

६ फेब्रुवारी, सकाळ

आज ती लंबूच्या गाडीवरून आली. तिच्याच कामावरचा पाणबुड्या. हसत होती! माझं डोकं सटकलं. तिच्या बाटल्या एका दमात भरल्या. काटा दोनशे. हाताला चटका बसला — बसू दे! तशाच दिल्या. धरण काय, जवळच. गेली दोघं.

त्याच दिवशी, दुपार

डोकं निवलं तेव्हा हिशेब सुचला. धरणात खाली बर्फ वितळून आलेलं पाणी, चार अंश. बाटल्या साठ तरी तापल्या असतील. पाटीवर गणित मांडलं — साठाचे चार, म्हणजे हवेचा दाब पंधरावा हिस्साच उरणार!

मग आठवलं. सेल्सिअसचं शून्य बर्फाचं. दाबाच्या हिशेबाला खरं शून्य लागतं, केल्विनचं. दोन्हीकडे २७३ मिळवायचे. ३३३ चे २७७. म्हणजे दोनशेचे एकशेसहासष्ट.

याच केल्विनवरून सरांशी भांडलो होतो — "त्या शून्यापर्यंत कोण गेलंय, सर?" — आणि वर्गाबाहेर पडलो तो कायमचाच.

एकशेसहासष्ट. जीव जरा खाली पडला, पण पुरता नाही. धरण जवळ, उतरताना काटा दोनशेच दाखवणार; ती काम ठरवणार त्याच भरवशावर. उणी पडणार ती परतीची हवा!

फोन लावतोय. उचलत नाही. पाण्यात असेल.

मालकांना सांगितलं. त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि धरणाकडे पळाले. त्यानेच जास्त घाबरलो.

संध्याकाळ

अजून काही कळलं नाही. मालकही फोन उचलत नाहीत. देवा, तिने लंबूशी खुशाल लग्न करू दे. फक्त वर येऊ दे.

७ फेब्रुवारी

ती उतरलीच नव्हती. तिला सर्दी, म्हणून तिच्या बाटल्या घेऊन लंबू उतरला. अर्धवट शुद्धीत वर ओढला त्याला. वाचेल म्हणतात.

दवाखान्याच्या दारात तिने एवढंच विचारलं — "तो उतरणार हे तुला माहीत होतं?"

नव्हतं. शपथेवर नव्हतं. पण 'नाही' म्हणायला मला केवढा वेळ लागला!