बिनआवाजाची गाडी

पळस्पे, पनवेल
११ फेब्रुवारी २०१६

प्रिय पूर्वीताईंना,
वसुंधराचा नमस्कार. उरणला सगळे बरे असाल. आईंच्या हाताचं प्लास्टर मंगळवारी निघालं. बोटं अजून वळत नाहीत. मीच भरवते.

नवी गाडी शेडमध्येच आहे. तुमचे भाऊ प्रणित तिच्याकडे बघत नाहीत. त्यांना मोठी डिझेलची हवी होती. प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिडवर सरकार सवलत देतं, ही बातमी मीच कापून ठेवली आणि शोरूममध्ये हट्ट धरला. डिझेलची असती तर आईंना ऐकू आली असती.

गावात सगळे म्हणतात, पूजेच्या वेळी बंद गाडी आपोआप पुढे गेली आणि आईंचा हात चाकाखाली आला. त्यांची जमीन विकली म्हणून मामंजींनीच गाडी ढकलली. प्रणितनी त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवलाय. मेलेल्या बापाची भीती वाटते त्यांना. रविवारी बुधाजी भगत येऊन मामंजींचा बंदोबस्त करणार आहेत, हे तुम्हाला कळलंच असेल.

काल दुपारी आई डोळे मिटूनच म्हणाल्या, "गाडी चालू हाय गो."

"बंद आहे, आई. चावी कपाटात आहे."

"तवा पन तू असंच बोल्लीस."

मी शेडमध्ये गेले. आतले दिवे विझलेले. पूजेपासून कुणी हात लावला नव्हता. बॉनेटवर तळवा टेकवला, तर कोमट लागलं. शेडवर ऊन नव्हतं. कान लावून किती वेळ उभी होते कोण जाणे. ताई, ती चालू असली तरी अशीच गप्प असते.

आता लिहितेच. पूजेच्या दिवशी शेजारच्या मालूला आतले दिवे दाखवायला बटण मी दाबलं. आवाज झाला नाही, आणि मी ते विसरून खाली उतरले. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकताना आईंनी विचारलं, "बंद हाय ना?" मी हो म्हटलं. फोटोसाठी आत बसलेल्या प्रणितनी गाडी बंद समजून ऐटीत गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

मामंजी तिथे नव्हतेच.

प्रणितना सांगायला दोनदा बसले, दोन्ही वेळा चहा करायला उठले. शनिवारी याल का? नाही आलात तरी भगत येण्याआधी मी सांगणार आहे. पण तुमचीही ती आई. म्हणून आधी तुम्हाला.

तुमच्या आईचा हात मोडणारी,
वसुंधरा