धुणं पिळणारे हात

तीर्थरूप आईस जुळे सोलापूरहून मायाक्काचा नमस्कार.

हे गेले, त्याच्या आदल्या सकाळीही मी धुणं भिजवलं आणि ह्यांनी पिळलं. “तुझी बोटं आखडल्यात, तू नुसतं वाळत घाल की,” म्हणाले. आता कपडे दोरीवर ठिबकत राहतात.

माझ्या सांधेवातावर पुस्तक वाचलं. शरीरातली काही प्रथिनं शत्रू आल्याचा खोटा निरोप देतात, मग आपलीच फौज आपले सांधे पोखरते. इंजेक्शन तो निरोप अडवतं. पण ह्यांच्याशिवाय दवाखान्याची पायरी चढवेना, म्हणून मी ते बंदच केलं होतं.

परवा फोनवर तू म्हणालीस, “ये की, तुझ्या हातची भाकरी खायची हाय.” तेव्हा मला हे सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. तुझा खोकला थांबला का?

तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच रिक्षानं जाऊन इंजेक्शन घेतलं.

तुझी मायाक्का