पाटामागचं नाव

१० जुलै, वरसे
आयनोडचं डिझाइन अखेर पटलं. मला तरी. टीममध्ये कुणी वाचलंय का, देव जाणे. आयनोड म्हणजे फाइलची चिठ्ठी, फाइल कुठे आहे, केवढी आहे. जुन्या पद्धतीत चिठ्ठ्यांची संख्या आधीच ठरलेली. त्या संपल्या की अर्धी डिस्क रिकामी असूनही नवी फाइल मावत नाही. माझ्या फाइल सिस्टिममध्ये चिठ्ठ्या लागतील तेव्हा बनतात, मिळेल त्या जागी. कुठे ठेवल्या त्याचा एकच नकाशा. सुटसुटीत.

१४ जुलै
चाचणीला खऱ्या मोठ्या फायली हव्या होत्या. चाचणीच्या डिस्कवर बाबांचे व्हिडिओ टाकले. गेल्या वर्षी आमच्या मूर्तींच्या कारखान्यात मीच काढलेले, बाबा गणपतीचे डोळे आखताना. त्यानंतर त्यांचा हात थरथरायला लागला. दुसरी कॉपी नाही. उद्या करते.

१६ जुलै
नकाशा लिहिला जात असतानाच लाइट गेली. डिस्क रिकामी दिसतेय. व्हिडिओ आत आहेत, पण कुठला तुकडा कुठल्या व्हिडिओचा, कोण सांगणार?
दादाचा फोन. "ते व्हिडिओ पाठव गो. यंदा डोळे मलाच आखायचे हायत, बाबांना जमत नाय."
पाठवते म्हटलं. थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

१९ जुलै, हमरापूर
सांगायला आले, सांगितलं नाही. लोकांनी आणून दिलेल्या पाटांवर मूर्ती तयार, जागा मिळेल तिथे ठेवलेल्या. कुठली कुणाची ते वहीत. दादाच्या हातून त्याच पानावर रंग सांडला. मी ओरडलेच.
बाबा हसले. "घाबरतेस कशाला गो? मागून बघ."
प्रत्येक पाटाच्या मागच्या कडेला घराचं नाव, ऑइलपेंटने. लहानपणापासून बघतेय मी हे.
माझ्या प्रत्येक चिठ्ठीवरही असंच तिचं स्वतःचं नाव हवं होतं. नकाशा गेला असता तरी डिस्क चाळून सगळ्या गोळा झाल्या असत्या.

२३ जुलै, वरसे
आता प्रत्येक चिठ्ठीवर खूण. मुद्दाम दहादा प्लग काढला, सगळ्या फायली परत आल्या. व्हिडिओ कॉलवर टीमचा लीड म्हणाला, छान सुचलं. रडू आलं, कॅमेरा बंद केला.
जुन्या डिस्कवर त्या खुणा नाहीत. हाताने शोधून एक तुकडा मिळाला. ब्रश डोळ्यापाशी येतो आणि तुकडा संपतो.

२६ जुलै, हमरापूर
सांगितलं. दादा रंग ढवळत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
बाबा म्हणाले, "मग? मी हाय ना अजून." ब्रश मागितला. दादाने मनगट धरलं. मी शूट करायला फोन काढला.
"ठेव तो. नीट बघ," बाबा म्हणाले.
मूर्तीचा डावा डोळा झाला. जरा वाकडा, पण झाला. मग बाबांनी ब्रश दादाकडे दिला आणि हात मांडीवर टेकवला.
उजवा उद्या, म्हणाले. मी राहिलेय.