सोनवळ नदी अस्तित्वात नसल्याचा निष्कर्ष कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. मंडळ अधिकारी,
सोनवळवाडी, ता. शिरूर, जि. पुणे.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : १) पाहणी पंचनामा, दि. ९ मे २०२३.
२) श्री. इंद्रजीत रणसिंग यांचा पूर-मदतीचा अर्ज, ऑक्टोबर २०२४.

महोदय,

अर्जदार लिडिया शलमोन साळवे, वय ६१, सविनय सादर करते की,

१. सोनवळ नदी गावामागच्या माळावर उगम पावते, साडेनऊ किलोमीटर चालून भीमेला मिळते. आठ महिने वाळूखाली निजते, चार महिने माहेरी आल्यागत हुंदडते. भीमेत तांबडा पट्टा उमटला की पल्याडची दौंडकडची माणसं म्हणतात, "सोनवळ आली."

२. श्री. रणसिंग यांनी तिच्या पात्रात फार्महाऊस बांधले व दगडी भिंत घालून तिचे तोंड ख्रिस्ती दफनभूमीकडे वळवले. अर्जदाराने तक्रार केली. पाहणी ऐन वैशाखात झाली. "मावशी, नदी कुठाय? दावा की! ही तर बैलगाडीची वाट हाय," म्हणून रणसिंग सर्वांसमक्ष हसले. पथकाला तहान लागली, तेव्हा अर्जदाराने त्याच वाळूत हाताने झिरा उकरून दोन तांबे पाणी पाजले. ते पिऊन, मिशा पुसून, 'जागेवर नदी आढळून आली नाही' असे लिहिण्यात आले. खाली रणसिंग यांनीही हौसेने सही केली.

३. त्याच वर्षी सप्टेंबरात न आढळलेल्या नदीने अर्जदाराच्या पतीची, शलमोन यांची, कबर नेली. क्रूस तीन शेतं खाली बाभळीत सापडला. शलमोन सापडले नाहीत. निदान दफनभूमीला बांध घाला म्हणून अर्जदार आपल्या दारी आली, तर उत्तर मिळाले, "बाई, नदीच न्हाई, तर पूर कुठला?" ते वाक्य अर्जदाराने वर्षभर जपून ठेवले आहे.

४. यंदा सोनवळ भिंत फोडून आपल्या जुन्या वाटेने गेली, आन् जाताना फार्महाऊस घेऊन गेली. आता रणसिंग 'नदीच्या पुरात नुकसान' म्हणून मदत मागतात. कुठल्या नदीच्या?

सबब, पंचनाम्यातले एक अक्षर न बदलता त्यांचा अर्ज त्यांच्याच सहीने फेटाळावा. नदी होती असे आता लिहायचेच असेल, तर आधी शलमोन तिने नेले असे लिहावे.

निकालाची प्रत रणसिंग यांच्या फार्महाऊसच्या उरलेल्या एकुलत्या भिंतीवर डकवावी. ती भिंत पात्रात उभी आहे, पुढल्या पावसापर्यंतच टिकेल. म्हणून निकाल लवकर व्हावा.

आपल्या पथकाला पाणी पाजलेली,
आपली नम्र,
लिडिया शलमोन साळवे
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : पंचनाम्याची नक्कल, क्रुसाचा फोटो, न आढळलेल्या नदीचे पाणी, बाटली एक.